मोतीबिंदू पिकायची वाट बघू नकोस गं

सासूबाईंच्या डोळ्यांचं दिवाळीनंतर बघू, असं तू म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की तुझ्याशी नीट बोलायचं. रागावू नकोस गं. सोयाबीन काढणीला आलंय, मजूर मिळत नाहीत, पोरांची शाळा आहे, आणि त्यात म्हातारीला घेऊन परभणीच्या चकरा. कुणीही मेटाकुटीला येईल. पण बघ, हे काम वाटतं तेवढं अवघड नाही, आणि तुला ते जमणारच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. 'अजून पिकला नाही, पिकला की काढू' असं आपल्या पिंगळी गावात अजूनही सांगतात. ते जुन्या काळी ठीक होतं. तेव्हा गढूळ झालेलं भिंग अख्खं काढायचे, टाके घालायचे, आणि नंतर जाड भिंगांचा चष्मा लागायचा. आता बारीक छेद घेतात आणि गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. डोळा बधिर केलेला असतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम आटोपतं. उलट फार पिकू दिला तर भिंग कडक होतं, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि एखादीच्या डोळ्यात दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. थेंब घालून मोतीबिंदू विरघळत नाही, तेव्हा कुणी बाटली विकायला आलं तर एक रुपया देऊ नकोस.

खरं सांगू का, सासूबाई स्वतःहून कधीच सांगायच्या नाहीत. तू त्यांच्या कामाकडे बघ. तांदळातले खडे राहून जातात का? सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारतात का? दिव्याभोवती वलय दिसतं म्हणतात का? उंबऱ्याला ठेच लागते का? रोजचं काम अडायला लागलं की तीच जायची वेळ.

आणि हे तुझ्या एकटीच्या घरातलं नाही. 2015 ते 2019 या काळात देशभर अंधत्वाची पाहणी झाली. पन्नाशीपुढच्या ज्या माणसांना अंधत्व आलं होतं, त्यांतल्या तिघांपैकी जवळजवळ दोघांचं कारण मोतीबिंदूच निघालं. म्हणजे बरी होण्यासारखी नजर आपण घरात बसून घालवतो. त्यातही अंधत्वाचं प्रमाण बायकांत जास्त. गड्याला दिसेनासं झालं की शेत अडतं, सगळ्यांना कळतं. बाई चाचपडत का होईना भाकरी थापते, म्हणून तिचं कुणाला कळतच नाही. मग ती एक दिवस न्हाणीत घसरते, खुब्याचं हाड मोडतं, आणि नात शाळा बुडवून तिच्या उशाशी बसते. दवाखान्याचा एक दिवस वाचवायला गेलं की असे किती दिवस जातात, तूच बघ.

पैशाची काळजी करू नकोस. अंधत्व रोखायचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. आपल्या मराठवाड्यातलेच, लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने. त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत मिळून लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. इतकं सरावाचं काम आहे हे.

आता काय करायचं ते ऐक. आशाताईला गाठ आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी कोणत्या दिवशी असते ते विचार. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घाल. शुगर असेल तर ती आधी आटोक्यात आणतात, त्यात आठवडा-दोन आठवडे गेले तर वैतागू नकोस. तपासणीत काचबिंदूही बघून घ्यायला सांग, कारण त्यात गेलेली नजर परत येत नाही.

एकटीने जाऊ नकोस. गल्लीत अजून दोघी-तिघी अशाच चाचपडतात, त्यांनाही बरोबर घे. चौघींमागे दोन सुना गेल्या तरी भागतं, आणि म्हाताऱ्यांचीही एकमेकींच्या सोबतीने भीती जाते. 'माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता कशाला' असं सासूबाई म्हणतीलच. वाद घालू नकोस. जिचा डोळा नुकताच झालाय, तिच्या ओट्यावर त्यांना नेऊन बसव. ती सांगेल ते त्यांना पटेल.

घरी आल्यावरचं मात्र काटेकोर पाळ. हात धुऊनच थेंब घालायचे, आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे घालायचे. डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीपुढे बसवायचं नाही, जड घागर उचलू द्यायची नाही. थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर लिही आणि ते काम थोरल्या पोराकडे दे, पोरं मनापासून करतात. डोळा लाल झाला, ठणकायला लागला, घाण आली किंवा दिसणं कमी झालं, तर रात्र काढू नकोस, लगेच दवाखाना गाठ.

सोयाबीन दोन दिवस थांबेल गं. तपासणीचा वार कळला की मला निरोप दे. त्या दिवशी पोरांचं जेवण आणि शाळेतून आणणं माझ्याकडे.