संगणकावर चालते, टीव्हीखाली अडते

प्रश्न : लग्नाची डीव्हीडी संगणकावर चालते, पण जुन्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ येतं. बिघाड प्लेअरमध्येच ना?

उत्तर : प्लेअर दुरुस्तीला टाकू नका. आधी डिस्क ‘फायनलाइज’ केली आहे का, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर ती बंद केली आहे का, ते पाहा. बहुतेक वेळा घोडं इथंच पेंड खातं. नुसती एमपी४ फाइल कॉपी केली असेल, तरी जुना प्लेअर ती ओळखत नाही. त्याला व्हिडिओ_टीएस फोल्डर लागतो. डीव्हीडी-आरडब्ल्यू तर छापील डिस्कपेक्षा लेसरचा प्रकाश बराच कमी परावर्तित करते, त्यामुळे जुन्या प्लेअरला ती अनेकदा वाचता येत नाही. साधी डीव्हीडी-आर आणा आणि कमी वेगाने बर्न करा. डीव्हीडी प्लस-आरच हाताशी असेल, तर बुकटाइप (डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करून पाहा. ही सोय सगळ्या रायटरमध्ये नसते. आणि हो, वर कागदी लेबल चिकटवू नका.