फ्यूज घर वाचवतो, माणूस नाही



विजेचा विषय काढला की आम्हाला हमखास ऐकू येतं, "घरात फ्यूज आहे की, मग शॉक कसा लागेल?" हा समज आधी काढून टाकू.

घरची वीज २३० व्होल्टची. अंग ओले, पाय अनवाणी, आणि शरीराचा रोध अंदाजे १००० ओहम धरला, तर अंगातून सुमारे २३० मिलिअँपिअर करंट जातो. जीव जायला याहून कितीतरी कमी पुरतो. आणि फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा! माणूस चिकटून राहील, फ्यूज उडणार नाही. एम.सी.बी.चेही तेच. वायर जळू न देणे एवढेच त्यांचे काम. फ्यूज सारखा उडतो म्हणून तांब्याचे चार पदर पिळून घातले, की तेही गेले.

मग अर्थिंग? कोळसा-मीठ घालून खड्डा केला, पण उन्हाळ्यात तो कोरडा पडून रोध ५० ओहम झाला, तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. फ्यूज जागचा हलत नाही आणि फ्रिजच्या पत्र्यात करंट तसाच राहतो. उसाला पाणी देता तसे एप्रिल-मेमध्ये या खड्ड्यालाही दोन बादल्या द्या. काहीजण अर्थिंगची वायर न्यूट्रललाच जोडून मोकळे होतात. तसे मुळीच करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की यंत्राच्या अंगावर फेज येतो.

खरी राखण आर.सी.सी.बी.ची. पाटात सोडलेले पाणी शेवटापर्यंत पोचले नाही, तर पाट मध्ये फुटला हे आपण ओळखतो. हीसुद्धा गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्या. तेवढी गळती झाली की क्षणात बंद होते. महिन्यातून एकदा तिचे टेस्ट बटण दाबा. पडली नाही तर बदला. पावसाळ्यात वारंवार पडते म्हणून काढून ठेवू नका, गळती शोधा. बादलीतला रॉड आणि पत्र्याला घासणारी सर्व्हिस वायर आधी तपासा. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा.

कोणी चिकटले तर हात धरून ओढू नका. मेन स्विच बंद करा. जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर सारा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शिवारात मोठ्या लाईनची तार पडली असेल तर मात्र काठी घेऊनही जवळ जाऊ नका. लाईन बंद झाल्याचे वीज कंपनीकडून कळेपर्यंत माणसे-जनावरे लांब ठेवा.