प्लॅन वाढवण्याआधी केबल लावून बघा

घरातलं नेट रखडू लागलं की कंपनीकडून येणारं उत्तर ठरलेलं असतं: मोठा प्लॅन घ्या. आमच्याकडेही तेच झालं. 50 एमबीपीएसचा प्लॅन 200 चा झाला, बिल वाढलं आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल होता तसाच अडकत राहिला.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट करायला सांगते. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा, घरातल्या बाकीच्यांना थोडा वेळ नेट बंद ठेवायला सांगा आणि स्पीड मोजा. केबलवर पूर्ण स्पीड मिळाला तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे, दोष घरातल्या वायफायचा आहे. प्लॅन वाढवून तो जाणार नाही. केबलवरही आकडा कमीच आला तर मात्र कंपनीला बोलवा आणि तो आकडा त्यांच्यासमोर ठेवा. स्पीड नेमका 90-95 वर अडकत असेल तर आधी केबलच बदलून बघा. चारच तारा जोडलेली केबल 100 च्या पुढे जात नाही, त्याहून जास्त वेगाला आठही तारा लागतात.

आमच्याकडे केबलवर आकडा पूर्ण आला. राऊटर होता दाराजवळ, टीव्हीच्या मागे. फायबर तिथूनच आत येते आणि जोडणारा माणूस जवळच्या प्लगपाशी काम उरकून जातो. तिथून आतल्या खोलीपर्यंत विटांच्या दोन भिंती आणि मध्ये लोखंडी कपाट. धातूतून वायफायच्या लहरी जात नाहीत. भरलेली पाण्याची टाकी आणि मोठा आरसाही त्यांना अडवतात. राऊटर उघड्यावर, उंचावर आणि शक्यतो घराच्या मध्यावर हवा.

दुसरी अडचण गर्दीची. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा लांबवर पोचतो, पण सोसायटीत शेजारपाजारचे सगळे राऊटर त्यातच असतात आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. वायफाय तपासणाऱ्या ॲपमध्ये त्यातला जो मोकळा दिसेल तो निवडा. 5 गिगाहर्ट्झ जास्त वेगवान आणि मोकळा, पण भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतो. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली की फोन नेमका कशावर आहे ते कळतं.

रिपीटरवर पैसे घालण्याआधी मात्र थांबा. रेंज नाही त्याच खोलीत तो लावला जातो. तिथे सिग्नलच पोचत नसेल तर तो पुढे काय देणार? त्यात स्वस्तातला रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्यावरच पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आम्ही भिंतीच्या कडेने लॅन केबल नेली आणि आतल्या खोलीत दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते, कुठल्याही फ्लॅटला पुरून उरते. त्यानंतर आम्ही जुन्या 50 च्या प्लॅनवर परत आलो. आतला व्हिडिओ कॉल आता अडकत नाही.

तुमच्या घराचं वायरिंग किंवा रंगकाम निघणार असेल तर प्रत्येक खोलीपर्यंत लॅन केबलसाठी पाइप तेव्हाच टाकून घ्या.