आईचा ब्लॉक

आई बदलापूरची. विडी-सिगारेटला तिने कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसाचा कर्करोग झाला. तिच्याबरोबर परळच्या टाटा मेमोरियलला जाता-येता जे उमगलं, ते अंबरनाथ-उल्हासनगरच्या घरांसाठीही लिहिते आहे.

१. खोकला लांबला, वजन उतरलं की आपल्याकडे आधी टीबीची शंका येते. ती रास्तच. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधाने एक्स-रे सुधारला नाही, तर बायोप्सीचा विषय तुम्हीच काढा.

२. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवतात, तो ब्लॉक. रिपोर्टपेक्षाही तो जपा. तुकडा इवलासा असतो आणि त्यातच सगळ्या तपासण्या भागवायच्या असतात. टाटात बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड पुन्हा तपासतात, म्हणून आधीच्या लॅबकडून ते मागून घ्या.

३. लोकलमध्ये कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. कागद जवळ ठेवा.

४. ब्लॉकवरच्या तपासणीत टीटीएफ-१ हे प्रथिन दिसलं तर गाठ बहुधा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, पी४० दिसलं तर स्क्वॅमस. एएलके दिसलं तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. ईजीएफआरचा बदल मात्र जनुकात शोधतात. धूम्रपान न करणाऱ्यांत, त्यातही बायकांत, तो जास्त आढळतो. आईच्या गाठीत तोच निघाला. असा बदल असलेल्या, आजार पसरलेल्या ३५० रुग्णांवर टाटातल्याच डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश यांच्या गटाने अभ्यास केला. तो २०२० साली छापून आला. नुसत्या गेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, केमोची जोड दिल्यावर १६. त्रासही वाढला, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं.

५. पीडी-एल१ या प्रथिनाचा निकाल टक्क्यांत येतो. आईचं ६० आलं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे साठ टक्के बरी होणार ना?” तसं नाही. गाठीतल्या शंभर पेशींपैकी साठांवर ते प्रथिन आहे, एवढाच त्याचा अर्थ. आकडा ५० किंवा जास्त असला तर इम्युनोथेरपी लागू पडण्याची शक्यता वाढते. पण ईजीएफआर किंवा एएलके निघालं असेल तर आकडा कितीही मोठा असो, आधी गोळ्याच. हे कळेपर्यंत आम्ही महागड्या इंजेक्शनसाठी सोनं मोडायला निघालो होतो.

६. “किती दिवस?” हे कुठलंच एक प्रथिन सांगत नाही. डॉक्टरांनी टप्पा पाहिला, मार्कर पाहिले आणि मग विचारलं, आई दिवसातला किती वेळ अंथरुणावर असते? हे उत्तरही तितकंच मोलाचं. खरं सांगा.

७. ईजीएफआरच्या गोळीचा परिणाम ओसरला की पुन्हा बायोप्सी किंवा रक्ततपासणी करतात. टी७९०एम हा नवा बदल सापडला तर ओसिमर्टिनिब देता येतं. आईचा नमुना नुकताच देऊन आलो आहोत.