माढा मतदारसंघाची ओळख

(आपल्या देशात लोक आपले प्रतिनिधी मताने निवडतात. सोलापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण लोकसभा मतदारसंघाची माहिती या पाठात दिली आहे. तो मतदारसंघ कसा तयार झाला, तेथील लोक कसे राहतात आणि त्यांनी आजवर कोणाला निवडून दिले, ते आपण पाहू.)

विद्यार्थी मित्रांनो, निवडणूक आली की गावात जीप फिरू लागतात, भिंती रंगतात, चौकाचौकांत सभा होतात. तुम्ही हे सारे पाहिले असेल. मतदानाच्या दिवशी अम्मी-अब्बा बोटाला शाई लावून घरी येतात, तीही तुम्ही पाहिली असेल. पण आपले मत कोणत्या मतदारसंघात मोजले जाते, हे तुम्ही कधी त्यांना विचारले आहे का?

आधी काही शब्द पाहू. 'खासदार' आणि 'आमदार' हे मराठी शब्द आहेत, पण त्यांतील 'खास' आणि 'आम' तुम्हाला उर्दूतून चांगले ओळखीचे आहेत. लोकसभेत जातो तो खासदार आणि विधानसभेत जातो तो आमदार. उमेदवार, जिल्हा, तालुका, हक्क, कायदा, जाहीर हे शब्दही तुम्ही घरी बोलताच. म्हणजे निवडणुकीची निम्मी मराठी तुम्हाला आधीच येते!

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार निवडून जातात. एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ असतात. सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे एकूण ११ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी सहा सोलापूर लोकसभा मतदारसंघात आहेत. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे चार माढा लोकसभा मतदारसंघात येतात. उरलेला एक, म्हणजे बार्शी, शेजारच्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघाला जोडलेला आहे. आता माढ्याचे सहा कसे पूर्ण होतात? सातारा जिल्ह्यातील फलटण आणि माण हे दोन त्यात मिळवलेले आहेत. जिल्ह्याची सीमा आणि मतदारसंघाची सीमा एकच असते असे नाही, हे यावरून लक्षात येईल.

या भागाचे जीवन पाण्यावर अवलंबून आहे. भीमा नदीवर उजनी येथे मोठे धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. धरणाच्या पाण्यामुळे अनेक शिवारांत ऊस उभा राहिला. परंतु करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतील कित्येक गावे त्याच जलाशयात बुडाली. तेथील लोकांना घरदार सोडून दुसरीकडे वसावे लागले. नीरा नदीच्या कालव्यांमुळे माळशिरस आणि फलटण तालुक्यांचा बराच भाग हिरवा झाला. सांगोल्याचे डाळिंब प्रसिद्ध आहे, पण पाऊस तेथे कमी. माण तालुका तर दुष्काळासाठीच ओळखला जातो. एकाच मतदारसंघात कोणाच्या बांधापर्यंत कालवा येतो, तर कोणी टँकरची वाट पाहते. म्हणून येथे मत मागायला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, "आमच्या पाण्याचे काय?"

आता थोडा इतिहास पाहू. १९५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी लोकसभेच्या काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडले जात. सोलापूर हा तसाच मतदारसंघ होता. देशात बहुतेक ठिकाणी काँग्रेसचा विजय झाला होता. सोलापुरात मात्र शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघे निवडून आले. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह असे. ज्याला वाचता येत नव्हते, तोही चिन्ह पाहून मत देऊ शकत होता. पुढे १९६१ साली कायदा होऊन दोन खासदारांचे मतदारसंघ बंद झाले.

त्यानंतर अनेक वर्षे या भागात पंढरपूर हा लोकसभा मतदारसंघ होता. माळशिरस, सांगोला हे तालुके तेव्हा त्यात येत. ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. १९७७ पासून १९९८ पर्यंत काँग्रेसचे संदीपान थोरात येथून सात वेळा निवडून आले. १९९९ आणि २००४ साली रिपब्लिकन पक्षाचे रामदास आठवले विजयी झाले.

लोकसंख्या वाढते, काही ठिकाणी कमी होते. म्हणून मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखाव्या लागतात. याला परिसीमन म्हणतात. २००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेले परिसीमन २००८ साली लागू झाले. त्यात पंढरपूर हा लोकसभा मतदारसंघ राहिला नाही आणि माढा हा नवा मतदारसंघ तयार झाला. सोलापूरची जागा राखीव झाली, तर माढ्याची जागा सर्वांसाठी खुली राहिली.

माढ्याची पहिली निवडणूक २००९ साली झाली. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार येथे उभे राहिले आणि तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. त्यामुळे या नव्या मतदारसंघाचे नाव देशभर पोचले. २०१४ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे विजयसिंह मोहिते-पाटील आणि स्वाभिमानी पक्षाचे सदाभाऊ खोत यांच्यात चुरस झाली. मोहिते-पाटील सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले. २०१९ साली भारतीय जनता पक्षाचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर सुमारे ८६ हजार मतांनी जिंकले. ७ मे २०२४ रोजी पुन्हा मतदान झाले. या वेळी राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे धैर्यशील मोहिते-पाटील यांनी नाईक-निंबाळकर यांचा सुमारे १ लाख २१ हजार मतांनी पराभव केला.

येथे थोडा विचार करा. पंढरपूरने एकाच माणसाला सात वेळा निवडले. माढ्याने मात्र चार निवडणुकांत चार वेगळे खासदार निवडले. २०१९ साली विजयी झालेल्याला पाच वर्षांनी त्याच मतदारांनी घरी बसवले. खुर्ची कायमची कोणाचीच नसते, ती मतदाराची असते. शिवाय २०१४ चा निकाल पाहा. २५ हजार ही संख्या मोठी वाटते. ती सहा विधानसभा मतदारसंघांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार हजारांपेक्षा थोडी जास्त मते येतात. आठ-दहा गावांनी मन बदलले असते, तर तेथील चित्रच पालटले असते. "माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणणाऱ्याला हे गणित अवश्य सांगा.

२०२४ च्या निवडणुकीत आणखी एक गोष्ट घडली. एका मोठ्या पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' असे होते. एका अपक्षाच्या चिन्हाचे मराठी नावही 'तुतारी' असेच होते. त्या अपक्षाला हजारो मते पडली आणि मतदारांचा गोंधळ झाला, अशी चर्चा झाली. यंत्रावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र आणि चिन्ह असे तिन्ही असते. ज्याला नाव वाचता येते, त्याची फसगत होत नाही. तुम्ही आज मराठी वाचायला शिकत आहात, ते परीक्षेच्या गुणांसाठी तर आहेच. पण उद्या मतदान केंद्रात हेच वाचन तुमच्या उपयोगी पडेल.

निकालाबद्दल शंका आली तर काय करावे? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी गावातील काही लोकांना यंत्रावरील आकड्यांविषयी शंका वाटली. ३ डिसेंबर २०२४ रोजी कागदी मतपत्रिकेवर आपणच मतदान घेऊन पाहायचे, असे त्यांनी ठरवले. याला कायद्याचा आधार नाही, असे सांगून प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झाले नाही. या घटनेवर देशभर उलटसुलट मते मांडली गेली. प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. निकाल जाहीर झाल्यावर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करणे, हा त्यासाठी कायद्याने दिलेला मार्ग आहे.

मुलांनो, पूर्वी मतदानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागत. १९८९ पासून हे वय १८ झाले. म्हणजे तुमची पाळी येण्यास तीन-चार वर्षेच उरली आहेत. वय पूर्ण झाले की 'नमुना ६' भरून आपले नाव मतदार यादीत नोंदवा. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातील लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच त्या सांगत. त्यामुळे त्यांची नावे यादीतून गेली आणि त्यांचे मतही गेले. मुलींनो, तुमचे नाव तुमचेच आहे. ते यादीत असू द्या, आणि अचूक लिहिलेले आहे ना, तेही स्वतः वाचून पाहा.

शब्दार्थ

राखीव – विशिष्ट समाजासाठी ठेवलेला
शिवार – गावाची शेतजमीन
चुरस – जोराची स्पर्धा
अपक्ष – कोणत्याही पक्षाचा नसलेला
फसगत – फसवणूक
याचिका – न्यायालयाकडे केलेला लेखी अर्ज

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माढा लोकसभा मतदारसंघात सातारा जिल्ह्यातील कोणते भाग येतात?
(आ) परिसीमन म्हणजे काय?
(इ) मतदानाचे वय १८ वर्षे केव्हा झाले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उजनी धरणामुळे लोकांना काय मिळाले आणि काय गमवावे लागले?
(आ) २०१४ च्या निकालावरून एका मताचे महत्त्व कसे कळते?

प्र. ३. उर्दूत आणि मराठीत सारखे असणारे पाच शब्द पाठातून शोधा व वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसांचे मतदार ओळखपत्र पाहा. त्यावरील नाव मराठीत बरोबर लिहिले आहे का, ते त्यांना वाचून दाखवा.