निरभ्र रात्र आणि हिमकण

थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरीं एक चमत्कारिक गोष्ट कधीं कधीं दृष्टीस पडते. पहांटे वेण्णा तलावाच्या कांठीं व लिंगमळ्याच्या सखल भागांत गवतावर पांढरा थर गोठलेला असतो; वर बाजारपेठेंत मात्र तो बहुधा दिसत नाहीं. जितकें उंच जावें तितकी थंडी अधिक, असें आपण समजतों. मग खालची जागा अधिक गार कां?

उंचीचा नियम खोटा नाहीं. दर १,००० मीटर चढलें असतां हवा सरासरीनें सुमारें ६.५ अंशांनीं थंड होते. परंतु रात्रीं दुसरें एक कारण कामास लागतें. दिवसा घेतलेली उष्णता जमीन रात्रीं आकाशाकडे सोडीत असते. ढग असले म्हणजे ते तींतील बराच भाग शोषून पुन्हां खालीं पाठवितात. ते भूमीची जणूं घोंगडीच होत. आकाश निरभ्र, हवा कोरडी व वारा पडलेला असला म्हणजे जमीन झपाट्यानें निवते व तिला लागलेली हवाही निवते. ही थंड हवा जड असल्यामुळें उतारावरून पाण्यासारखी वाहत जाऊन खोलगट जागीं सांचते. तेथें गवताचें पातें शून्य अंशाखालीं गेलें कीं त्यावरील दंव गोठतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंच पेटींत असतो. निरभ्र रात्रीं गवत त्याहून कित्येक अंश थंड असूं शकतें. म्हणून वर्तमानपत्रांत ३ किंवा ४ अंश वाचून शेतकऱ्यानें निर्धास्त राहूं नये.

यावरून घ्यावयाचा बोध असा:

१. भाजीपाल्याचीं कोंवळीं रोपें खोलगट जागीं लावूं नयेत.

२. सायंकाळीं आकाश स्वच्छ व वारा बंद दिसल्यास पिकास हलकें पाणी द्यावें. ओली जमीन कोरडीपेक्षां सावकाश निवते. रोपें पेंढ्यानें झांकावीं व ऊन पडतांच उघडावीं.

३. लेंकरांस व वृद्धांस उघड्यावर निजवूं नये. मात्र बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणीं निजूं नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो, आणि निजलेला मनुष्य जागा न होतांच मरतो.

ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं अशा रात्रीनंतर पहांटे दाट झाडाखालचें गवत चाचपून पाहावें. भोंवतालचें रान भिजलेलें असतां तें बहुधा कोरडें आढळेल. ढगाचें काम तेथें पानांनीं केलेलें असतें.