रनिंग नंतर बघा, आधी पत्रा

जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा मोठा आकडा गॅरेजवाल्याने सांगितला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘विकली तर किती येतील?’ ८०,००० च्या गाडीवर ४५,००० कशाला घालायचे, असं म्हणून गाडी मिळेल त्या भावात दिली जाते. माझ्या मते हा हिशेब चुकीच्या जागी सुरू होतो. बाजारभाव विकणाऱ्याच्या कामाचा. वापरणाऱ्याने विचारायला हवं, की या पैशात गाडी आणखी किती महिने नीट चालेल? ४५,००० मध्ये दोन वर्षं निघाली आणि तेवढ्यात गाडीची किंमत आणखी ३०,००० नी उतरली, तरी महिन्याला ३,१२५ रुपये पडतात. पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ताच १०,३०० च्या वर जातो. हप्ता भरून निदान नवी वस्तू तर हातात राहते, असं कोणी म्हणेल. राहते, पण तीही उतरत असते. दोन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची विमा किंमत ठरवताना मूळ किमतीतून ३० टक्के वजा होतात.

मात्र हा सगळा हिशेब ‘किती महिने’ या एका अंदाजावर उभा आहे, आणि तो अंदाज मीटरवरच्या किलोमीटरवरून बांधणं मला पटत नाही. क्लचप्लेट, शॉकअप, ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, बॅटरी हे झिजण्यासाठीच असतात. बदलले की गाडी पुन्हा कामाला लागते. दीड लाख किलोमीटर झालेलं इंजिनही वेळच्या वेळी ऑइल बदललेलं असेल तर बरंच चालतं. ते निळा धूर सोडतंय का, ऑइल खातंय का, कूलंट ऑइलमध्ये उतरून ते दुधाळ झालंय का, हे पाहावं आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. टायमिंग बेल्टच्या बाबतीत चालढकल करू नये, कारण अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि बेल्टच्या खर्चाच्या जागी हेड खोलण्याचा खर्च येतो. पण खरी मुदत ठरवतो तो पत्रा. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज आतून लागतो, वरून रंग मारला की दिसतही नाही. गाडी लिफ्टवर चढवून फ्लोअर, दारांखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं त्या जागा ठोकून पाहायला सांगा. तिथे पत्रा सडला असेल तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी त्यावर पैसे घालू नका.

पत्र्याइतकेच महत्त्वाचे कागद. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची. २०११ ची गाडी २०२६ मध्ये पासिंगला जाणार. नूतनीकरण पाच वर्षांचं, त्याची फी ५,००० रुपये, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. मोठं काम काढण्याआधी ही तारीख पाहाच. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीच्या बातम्या वाचून इथली माणसंही गाड्या काढून टाकतात; ते आदेश राजधानी परिसरापुरते होते.

‘एक काम केलं की दुसरं निघतं’ हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तुकड्यातुकड्याने होकार देणं मला घातक वाटतं. दर वेळी वाटतं, एवढं घातलंच आहे तर आणखी थोडं. पुढच्या वर्षभरात जे जे निघेल त्याचा अंदाज एकदम लेखी घ्या, शक्य तर दोन ठिकाणांहून, आणि त्या बेरजेवर निर्णय करा. दुसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो: सुरक्षेचा. भारतात नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत अनेकदा दोन्ही नसतात, आणि कोणतीही दुरुस्ती ती उणीव भरून काढत नाही. गाडी गावातच फिरणार असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूने झुकेन. मुलाबाळांना घेऊन आठवड्याला द्रुतगती मार्गावर जाणार असाल, तर इंजिन ठणठणीत असलं तरी ती गाडी बदला.